विश्लेषण : प्रतिकार केला तरी प्रश्न, नाही केला तरी प्रश्न… मुलींच्या स्वसंरक्षण प्रशिक्षणात नेमके काय शिकवायला हवे?

शाळा-महाविद्यालयांत मुलींसाठी स्वसंरक्षणाची शिबिरे होतात, कराटेची प्रात्यक्षिके होतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. मात्र शिरूर तालुक्याशी संबंधित दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या, तर या शिबिरांत शिकवले जाणारे आणि प्रत्यक्षात मुलींना लागणारे यांत बरेच अंतर असल्याचे दिसते. एका घटनेत महिलेने प्रतिकार केला. दुसरीत प्रतिकार का झाला नाही, याचीच चर्चा जास्त रंगली.

न्हावऱ्यात काय घडले होते?

शिरूरहून दौंड तालुक्यातील चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे न्हावरे हे मोठे गाव. घोडगंगा सहकारी साखर कारखाना याच गावचा. चहूकडे ऊस आणि अंधार पडला की वस्त्यांवर शुकशुकाट, असे या भागाचे चित्र. नोव्हेंबर 2020 मध्ये येथे रात्रीच्या वेळी लघुशंकेसाठी घराबाहेर गेलेल्या एका महिलेवर अनोळखी व्यक्तीने हल्ला केला. तिने विरोध केला. त्या रागातून हल्लेखोराने तिच्या डोळ्यांवर घाव घातले आणि तिची दृष्टी गेली. पुणे ग्रामीण पोलिसांनी पुढे संशयिताला अटक केली, राज्यभरातून संताप व्यक्त झाला, नेत्यांच्या भेटी झाल्या.

या घटनेनंतर काही आठवड्यांतच, डिसेंबर 2020 मध्ये, राज्य सरकारने ‘शक्ती’ विधेयक विधिमंडळात मांडले. वर्षभराने, डिसेंबर 2021 मध्ये ते मंजूरही झाले. पण राष्ट्रपतींची मंजुरी त्याला मिळाली नाही आणि तो कायदा कधी लागू झालाच नाही.

न्हावऱ्याच्या घटनेत एक तपशील सहज नजरेआड होतो. ती महिला काही धाडस करायला बाहेर पडली नव्हती. घराबाहेर जाण्याचे तिचे कारण रोजचे होते. महाराष्ट्राचा ग्रामीण भाग 2018 मध्येच हागणदारीमुक्त जाहीर झाला आहे. तरीही दिवस मावळल्यावर बाहेर जावे लागणाऱ्या बायका या पट्ट्यात आहेत. ऊसतोडीच्या हंगामात फडाशेजारी कोप्या पडतात, तेव्हा ही संख्या आणखी वाढते. तिथे ना दार, ना दिवा. उसाच्या कडेने वावरताना बिबट्याची भीती असते ती वेगळीच. बिबट्यासाठी निदान पिंजरा तरी लावतात.

गुनाट आणि स्वारगेटचा संबंध काय?

न्हावऱ्यापासून जवळच गुनाट हे गाव आहे. 25 फेब्रुवारी 2025 रोजी पहाटे पुण्यातील स्वारगेट बसस्थानकात उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये तरुणीवर बलात्कार झाल्याची तक्रार दाखल झाली. त्यातील आरोपी गुनाटचा. ड्रोन, श्वानपथक आणि गावकऱ्यांची मदत घेऊन पोलिसांनी उसाची शेते पिंजून काढली आणि 27 फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर त्याला गुनाटमध्येच पकडले. तोवर टीव्हीच्या कॅमेऱ्यांनी गाव भरून गेले होते.

आरोपीने तरुणीला ‘ताई’ म्हणत विश्वास संपादन केला आणि तुमची बस दुसरीकडे लागली आहे, असे सांगून तिला तिकडे नेले, असे तक्रारीतून पुढे आले. बसस्थानक हे गजबजलेले ठिकाण. मग ती ओरडली कशी नाही, हा प्रश्न दुसऱ्याच दिवसापासून विचारला जाऊ लागला. गृहराज्यमंत्री योगेश कदम यांनी घटनास्थळी पाहणीनंतर, झटापट वा विरोध न झाल्याने आसपासच्या लोकांच्या लक्षात काही आले नाही, अशा आशयाचे विधान केले. त्यावर टीका झाल्यावर पोलिसांकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे आपण बोललो होतो, असा खुलासा त्यांनी केला. आरोपीच्या बाजूने न्यायालयात संमतीचा मुद्दा मांडला गेला. दोषी कोण, हे न्यायालय ठरवेल.

पण चर्चेचा सूर पाहण्यासारखा आहे. न्हावऱ्यात विरोध केला म्हणून डोळे गेले. स्वारगेटमध्ये विरोध दिसला नाही म्हणून शंका घेतली गेली. मुलींनी स्वसंरक्षण शिकावे असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी या दोन घटना एकत्र वाचायला हव्यात. कारण ‘शिकवले होते ना, मग मारले का नाही?’ हा पुढचा प्रश्न फार दूर नाही.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा आहे का?

अजिबात नाही. 1972 मध्ये देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखला जातो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी ठरवले, मात्र सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने प्रतिकार केला नसावा, हा त्यामागचा एक मुख्य तर्क होता. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार विधिज्ञांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या तर्काला आव्हान दिले. 1980 मध्ये मुंबईसह अनेक शहरांत महिला रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला.

आणखी स्पष्ट दुरुस्ती 2013 मध्ये झाली. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून स्त्रीची संमती होती असे मानता येणार नाही, हे कायद्यातच लिहिले गेले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्येही ते स्पष्टीकरण कायम आहे. म्हणजे कायद्याने हा प्रश्न निकाली काढून बराच काळ लोटला. चावडीवर आणि वृत्तवाहिन्यांवर तो अजून चालूच आहे.

ओरडता का येत नाही?

अतितीव्र भीतीत माणसाचे शरीर तीन गोष्टी करू शकते. लढते, पळते किंवा जागच्या जागी गोठते. गोठणे ही निवड नसते. हात-पाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही आणि डोळ्यांसमोर घडणारे कळत असूनही शरीर साथ देत नाही. स्टॉकहोममधील बलात्कारपीडितांसाठीच्या आपत्कालीन केंद्रात आलेल्या 298 महिलांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 70 टक्के महिलांनी हल्ल्याच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात गोठल्याचे सांगितले, तर 48 टक्क्यांच्या बाबतीत हे प्रमाण अतितीव्र होते. ज्यांचे शरीर असे गोठले, त्यांना पुढे मानसिक आघाताचा आणि नैराश्याचा त्रासही अधिक झाला.

‘माझे तोंडच उघडले नाही’ असे सांगणारी मुलगी खोटे बोलत नसते, हे पोलिसांनी, डॉक्टरांनी आणि सगळ्यांत आधी तिच्या आईवडिलांनी समजून घेण्याची गरज आहे. प्रशिक्षणाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, केवळ डाव पाहून वा ऐकून उपयोग नाही. संकटात शरीर तेच करते जे त्याच्याकडून अनेकदा करून घेतलेले असते. आवाजाचेही तसेच आहे. घरात, वर्गात कधीच मोठ्याने न बोललेल्या मुलीकडून ऐनवेळी किंकाळीची अपेक्षा करणे अवघड.

सध्या कोणती प्रशिक्षणे मिळतात?

योजनांची कमतरता नाही. समग्र शिक्षा अभियानात सरकारी शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, ते तीन महिन्यांचे असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळातर्फे संलग्न महाविद्यालयांत ‘निर्भय कन्या अभियान’ राबवले जाते. शिरूर, दौंड भागातील महाविद्यालयांपर्यंतही ते पोहोचते. व्यक्तिमत्त्व विकास, आरोग्य, कायदा आणि स्वसंरक्षण असे विषय त्यात येतात. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीकडे मुलींना ज्युदो-कराटे शिकवण्याची योजना अनेक वर्षांपासून आहे. राज्य सरकारने 2023 मध्ये राजमाता जिजाऊ यांच्या नावाने युवतींसाठी स्वसंरक्षण शिबिरेही घेतली.

अडचण कालावधीची आहे. महाविद्यालयांतला कार्यक्रम बहुधा एका दिवसात उरकतो. सकाळी दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा सत्कार, मग आत्मसन्मानावर व्याख्यान, कायद्यावर आणखी एक व्याख्यान आणि दुपारी जेवणानंतर तासभर प्रात्यक्षिक. प्रशिक्षक मंचावर डाव दाखवतो, दोन-चार मुली पुढे येतात, बाकीच्या टाळ्या वाजवतात. ज्या मुली पुढे येतात त्या आधीपासूनच धीट असतात, हे सांगायला नको. मागच्या रांगेत ओढणी सावरत बसलेल्या मुलीचा हात त्या दिवशीही कोणाच्या तावडीतून सुटून पाहत नाही. अहवालात मात्र तिचीही संख्या धरली जाते.

एक दिवस वाया जातो असे नाही. पहिल्यांदाच कोणीतरी जाहीरपणे या विषयावर बोलते, हेही काही गावांत मोठे असते. पण त्याला प्रशिक्षण म्हणणे धाडसाचे आहे.

मग किती शिकवले तर फरक पडतो?

याचे सर्वांत भक्कम उत्तर कॅनडातून आले आहे. शार्लिन सेन आणि सहकाऱ्यांनी तेथील तीन विद्यापीठांतल्या 893 विद्यार्थिनींवर केलेला प्रयोग 2015 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला केवळ माहितीपत्रके दिली. दुसऱ्या गटाला तीन-तीन तासांची चार सत्रे दिली. वर्षभरानंतर पाहिले तेव्हा माहितीपत्रके घेतलेल्या गटात बलात्काराचे प्रमाण 9.8 टक्के, तर प्रशिक्षण घेतलेल्या गटात 5.2 टक्के होते. बलात्काराच्या प्रयत्नांचे प्रमाणही 9.3 वरून 3.4 टक्क्यांवर आले.

बारा तास. म्हणजे दर शनिवारी तीन तास धरले तर एक महिना.

त्या बारा तासांत काय होते, हे जास्त महत्त्वाचे. ठोसे आणि लाथा एका सत्रापुरत्या होत्या. बाकीचा वेळ धोका ओळखणे, ओळखीच्या माणसाबाबत ‘हे बरोबर नाही’ हे स्वतःशी मान्य करणे आणि स्वतःला काय हवे, काय नको हे शब्दांत सांगणे यांवर खर्च झाला. अनोळखी माणूस अंधारात समोर आला तर मुलगी सावध असतेच. नात्यातला, शेजारचा, क्लासमधला माणूस मर्यादा ओलांडू लागतो तेव्हा ती आधी स्वतःवरच शंका घेते. ‘आपलाच गैरसमज झाला असेल’, ‘उगाच तमाशा नको’, ‘आईला काय वाटेल’ या तीन वाक्यांत बराच वेळ निघून जातो.

कॅनडातील विद्यार्थिनी आणि शिरूरच्या एसटीने कॉलेजला जाणाऱ्या मुली यांची परिस्थिती वेगळी आहे, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इकडे लागू होणार नाहीत. पण शिकवण्याचा क्रम मात्र नक्की घेता येईल.

धोका नेमका कोणाकडून?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार देशात महिलांवरील अत्याचाराचे 4 लाख 45 हजार 256 गुन्हे नोंदले गेले. त्यांत सर्वाधिक, 31.4 टक्के, पती वा त्याच्या नातेवाइकांकडून झालेल्या क्रूरतेचे होते. बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असण्याचे प्रमाण वर्षानुवर्षे नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 18 ते 49 वयोगटातील विवाहित महिलांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाने पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले.

न्हावऱ्यासारखी घटना अपवादात्मक असते, म्हणूनच ती बातमी होते. रोजची हिंसा घराच्या उंबऱ्याआत होते आणि ती बातमी होत नाही. नवऱ्याने उगारलेला हात कराटेच्या डावाने अडवता येईलही, पण त्यानंतर त्याच घरात त्याच रात्री राहायचे असते. तिथे कामी येतो तो माहेरी वा मैत्रिणीकडे जाण्याचा रस्ता, हातातले स्वतःचे चार पैसे आणि ‘परत जा, सांभाळून घे’ न म्हणणारी आई.

त्याच सर्वेक्षणातील आणखी एक आकडा बोलका आहे. देशात हिंसा सोसलेल्या महिलांपैकी केवळ 14 टक्के महिलांनी कोणाची तरी मदत मागितली. 77 टक्के महिलांनी ना मदत मागितली, ना कोणाला सांगितले.

आत्मसन्मान व्याख्यानातून येतो का?

शिबिरांत ‘आत्मविश्वास बाळगा’, ‘तुम्हीच तुमच्या रक्षक’ असे सांगितले जाते. ऐकायला बरे वाटते. पण आत्मसन्मान हा उपदेशाचा विषय नाही, तो रोजच्या वागणुकीतून घडतो. पंधरा वर्षांच्या मुलीने एखाद्या काकांच्या मांडीवर बसायला वा त्यांच्या पाया पडायला नकार दिला आणि घरच्यांनी तिला सर्वांसमोर झापले, तर तिने त्या दिवशी एक धडा घेतला. आपल्या नकाराला किंमत नाही, हा तो धडा. नंतरच्या कुठल्याही शिबिराला तो पुसताना दमछाक होते.

‘ताई’ या शब्दाचेही असेच. आपल्याकडे नाते जोडून बोलणे ही रीत आहे आणि ती चांगलीच आहे. एसटीत, बाजारात, बँकेच्या रांगेत ताई, दादा, मावशी म्हणूनच काम होते. पण ताई म्हणणाऱ्याला नाही म्हणणे उद्धटपणाचे वाटते आणि हीच अडचण गैरफायदा घेणाऱ्याला ठाऊक असते. त्यामुळे प्रशिक्षणात मुलींना हे वाक्य मोठ्याने म्हणायला लावणे उपयोगी ठरते : “नको दादा, मी खिडकीवर विचारून घेते.” साधे वाक्य आहे. वीस वेळा म्हटल्याशिवाय ते आपले होत नाही.

शरीराचा भाग अर्थातच राहतो. मनगट पकडले तर पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन हात सोडवता येतो, कारण पकड तिथेच कमजोर असते. मागून मिठी पडली तर पायाच्या पंजावर टाच, कोपराचा मार, नाक, घसा, जांघ हे नाजूक भाग. उद्देश जिंकण्याचा नसतो, दोन-चार सेकंद मिळवून पळण्याचा असतो. मैदानावर घाम गाळून आपल्या अंगात ताकद आहे हे कळलेली मुलगी वेगळी चालते, हेही खरे. कबड्डी आणि कुस्ती खेळणाऱ्या मुली ज्या गावात आहेत, तिथे हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी 1924 मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्रीय मंडळासारख्या संस्थांनी मुलींना व्यायामशाळेत आणले, त्याला आता शंभर वर्षे झाली.

ओरडणे, झटापट करणे, पळणे यांमुळे बलात्कार टळण्याची शक्यता वाढते, असे अमेरिका-कॅनडातील बहुतेक अभ्यास सांगतात. गयावया करण्याचा तितका उपयोग होत नाही. मात्र हे सरासरीचे बोलणे झाले. न्हावऱ्याच्या त्या महिलेला सरासरीने वाचवले नाही. त्यामुळे कुठे लढायचे, कुठे ऐकल्यासारखे करून संधी शोधायची, हा निर्णय त्या क्षणी तिचाच असतो आणि तो घेतल्यानंतर तिला त्याचा जाब कोणी विचारू नये.

कायदा स्वसंरक्षणाला किती मुभा देतो?

‘कायदा हातात घेऊ नका’ हे वाक्य इतके कानावर पडलेले असते की मारणाऱ्याला उलट मारले तर आपल्यावरच गुन्हा होईल, अशी भीती अनेक महिलांना असते. भारतीय न्याय संहितेची कलमे 34 ते 44 खासगी संरक्षणाच्या हक्काची आहेत. ठार मारले जाण्याची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची किंवा ॲसिड हल्ल्याची रास्त भीती असेल, तर कलम 38 नुसार हा हक्क हल्लेखोराचा मृत्यू घडेपर्यंतही जाऊ शकतो. त्याहून कमी गंभीर हल्ल्यात मृत्यू सोडून अन्य इजा करता येते. प्रत्यक्ष गुन्हा घडण्याची वाट पाहण्याची गरज नाही. धोक्याची रास्त भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो.

मर्यादा दोन. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. आणि धोका संपला की हक्कही संपतो. पळत सुटलेल्या माणसाला गाठून बदडणे यात बसत नाही. अर्थात जीव धोक्यात असलेल्या व्यक्तीने प्रत्येक फटका तोलून मारावा, अशी अपेक्षा न्यायालये ठेवत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात या हक्काबाबतची तत्त्वे सविस्तर मांडताना हेच सांगितले आहे.

हल्ल्याच्या आधीच्या टप्प्यांवरही कलमे आहेत, ती कमी वापरली जातात. वारंवार पाठलाग करणे, नकार दिल्यावरही संपर्क साधत राहणे, ऑनलाइन हालचालींवर पाळत ठेवणे हा कलम 78 खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. बसथांब्यावर रोज मागे येणारा मुलगा हा ‘वयाचा दोष’ नाही. मुलगी 18 वर्षांखालील असेल तर पोक्सो कायदा लागू होतो आणि गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून प्रकरण मिटवणारे स्वतः अडचणीत येतात.

रांजणगाव औद्योगिक वसाहतीत शिरूर परिसरातील अनेक तरुणी कामाला जातात. दहा वा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असावी लागते. कर्मचारी कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे जाता येते. कंत्राटी कामगार महिलांनाही हा कायदा लागू आहे, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

घटना घडलीच तर पहिल्या काही तासांत काय करावे?

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. झिरो एफआयआरची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्टपणे आली आहे. लैंगिक गुन्ह्यात माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते आणि बलात्कार पीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी घेता येतो. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने पीडितेवर तातडीने मोफत उपचार करणे बंधनकारक आहे. शक्य असल्यास वैद्यकीय तपासणीआधी अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत, मोबाइलमधील संदेश पुसू नयेत. पण हे करून झाले असेल तरी तक्रार देता येते. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही.

मोबाइल हातात आहेच, तर दोन गोष्टी आजच करून ठेवता येतील. आपत्कालीन मदतीसाठी 112 आणि महिला मदतवाहिनीसाठी 181 हे क्रमांक घरातील प्रत्येकीला तोंडपाठ हवेत. बहुतेक स्मार्टफोनमध्ये पॉवरचे बटण लागोपाठ दाबले की ठरावीक व्यक्तींना संदेश आणि ठिकाण जाण्याची सोय असते. ती सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते आणि एकदा करून पाहावी लागते. उसाच्या पट्ट्यात रेंज कुठे जाते हेही त्यातूनच कळते.

पुणे जिल्ह्यातील अनेक गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एका टोल-फ्री क्रमांकावर केलेला फोन गावातील नोंदणीकृत सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी वाजतो. चोरी, आग, बिबट्या यांसाठी ती वापरली जाते. महिलेवरील हल्ल्यासाठीही ती तितकीच उपयोगी आहे. अट एवढीच की नोंदणीत केवळ घरच्या कर्त्या पुरुषाचा नव्हे, बायकांचाही नंबर असायला हवा.

ग्रामपंचायतीच्या हातात काय आहे?

बरेच काही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. नियमित ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घेणे कायद्याने आवश्यक आहे. कागदावर ती होते. सह्या घरोघरी जाऊन घेतल्या जातात, असाही अनुभव अनेक ठिकाणी आहे.

महिला ग्रामसभेत रात्री कोणत्या वाटेने जायला भीती वाटते, हा एकच प्रश्न विचारला तरी यादी तयार होते. वस्तीपासून रस्त्यापर्यंतचा अंधारा तुकडा, बंद पडलेला दिवा, पाणी नसल्याने कुलूप लागलेले शौचालय, दारूचे दुकान ओलांडून जावे लागणारा बसथांबा. कोणता दिवा किती दिवसांत दुरुस्त होणार, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांजवळ तात्पुरती शौचालये कोण उभारणार, कारखाना की ग्रामपंचायत, हे ठरावात लिहून घेता येते.

स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना 50 टक्के आरक्षण 2011 पासून आहे. म्हणजे अनेक गावांत हा ठराव वाचणारी आणि त्यावर सही करणारी सरपंचही महिलाच आहे. एका दिवसाच्या शिबिराऐवजी महिनाभराचे शनिवार, पाहुण्यांच्या सत्काराऐवजी प्रशिक्षिकेचे मानधन आणि मुलींच्या जोडीने मुलांसाठीही एक सत्र, एवढा बदल जिल्हा परिषदेच्या सध्याच्या योजनेतही करता येण्याजोगा आहे. पुढची महिला ग्रामसभा कधी आहे, हे ग्रामपंचायत कार्यालयाच्या सूचना फलकावर लावणे बंधनकारक असते.